साठीनंतरची आफ्रिका सहल: पिवळ्या तापाची लस, हिवतापाच्या गोळ्या आणि डासांपासून बचाव

आईबाबांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली तेव्हा आम्ही भावंडांनी त्यांना केनियाला पाठवायचं ठरवलं. बाबा ७१, आई ६६. तिथल्या मसाई मारा अभयारण्यात नदी ओलांडणारे वाइल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या हरणांचे कळप बाबांनी टीव्हीवर शंभरदा पाहिले असतील. सहल कंपनीशी बोलणं झालं, आगाऊ रक्कम भरायची वेळ आली आणि तिथल्या मुलीने सहज सांगितलं, "यलो फीव्हरची लस लागते, पण ती फॉर्मॅलिटी आहे. अर्ध्या तासाचं काम."

बाबांना ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे संधिवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे, दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला ते फॅमिली डॉक्टरांकडे गेले आणि बोलता बोलता केनियाचा विषय निघाला, म्हणून ही गोष्ट वेळेत कळली. डॉक्टर म्हणाले, "काका, ही लस जिवंत विषाणूची असते. तुमच्या गोळ्यांवर ती घ्यायची नाही." तो विषय निघालाच नसता तर पुढच्या आठवड्यात बाबा लसीच्या रांगेत उभे असते. आणि तिथल्या अर्जावरचे प्रश्न घाईघाईत भरताना "सांधेदुखीच्या गोळ्या कशाला लिहायच्या?" असंच त्यांना वाटलं असतं, हे मी त्यांना ओळखते म्हणून सांगते.

हा लेख त्यामुळेच लिहिते आहे. आता आपल्याकडचे साठी-सत्तरीचे लोक केनिया, युगांडा, ब्राझील, पेरूपर्यंत जाऊ लागले आहेत. या वयात लस आणि गोळ्यांचा निर्णय तिकिटाच्या आधी व्हायला हवा. आम्ही ज्या क्रमाने गेलो आणि ज्या क्रमाने जायला हवं होतं, ते दोन्ही इथे आहे.

पहिली पायरी: देश नव्हे, रस्ता लिहून काढा

कागदावर प्रत्येक मुक्काम, प्रत्येक विमानतळ, थांब्याचे तास आणि तारखा लिहा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

भारतात पिवळा ताप, म्हणजे यलो फीव्हर नाही. पण तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे डेंगीवालाच, आपल्या गल्लीगल्लीत आहे आणि आपल्यापैकी जवळजवळ कुणालाही या रोगाची प्रतिकारशक्ती नाही. एक रुग्ण आला तरी काय होऊ शकतं याची कल्पना करा. त्यामुळे आपल्या सरकारचा नियम कडक आहे. पिवळ्या तापाच्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्या, नऊ महिन्यांहून मोठ्या प्रत्येकाकडे लसीचं प्रमाणपत्र हवं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. सहा दिवसच का? डास चावल्यापासून ताप यायला तीन ते सहा दिवस लागतात म्हणून.

गंमत अशी की भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया हे प्रमाणपत्र मागत नाही. ते लागतं घरी परत येण्यासाठी. म्हणून मुंबईच्या काउंटरवरच विमान कंपनी प्रमाणपत्राचं पिवळं कार्ड पाहते आणि नसेल तर चढू न देण्याची शक्यता असते.

केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, घाना, ब्राझील, पेरू, कोलंबिया हे देश भारताच्या यादीत आहेत. टांझानिया जागतिक आरोग्य संघटनेच्या जोखमीच्या देशांत नाही, तिथे संसर्गाची शक्यता कमी मानली जाते. मात्र केनियाहून टांझानियात शिरलात तर टांझानियाच तुमच्याकडे प्रमाणपत्र मागतो. दोन्ही देश एकत्र दाखवणाऱ्या सहलींत हे अनेकांच्या लक्षात येत नाही. यादी बदलते, तेव्हा पैसे भरण्याच्या आठवड्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती पुन्हा पाहा.

अदिस अबाबामार्गे स्वस्त तिकीट मिळतं, आणि तिथे विमान बदलायचं असेल तर विमानतळाबाहेर पडू नका. पूर्ण वेळ विमानतळाच्या आत राहिलेल्यांना भारतात सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याच्या संमतीने. पुढे दक्षिण आफ्रिकेला जाणार असाल तर अदिस अबाबात बारा तासांहून जास्त थांबा झाल्यास प्रमाणपत्र लागतं. बोर्डिंग पास फेकू नका. तुम्ही कुठे किती वेळ होतात याचा तोच पुरावा.

दुसरी पायरी: लस घ्यायची की नाही

इथे घाई करू नका.

पिवळ्या तापाची लस जुनी आणि फार चांगली आहे. १९३७ साली मॅक्स थायलर यांनी १७डी या नावाचा दुबळा केलेला विषाणू तयार केला, त्यासाठी त्यांना १९५१ चं नोबेल मिळालं. आजही तीच लस वापरतात. एक डोस बहुतेकांना आयुष्यभर पुरतो. तरुण, धडधाकट माणसाला काही दिवस अंग दुखतं, किंचित ताप येतो, संपलं.

पण विषाणू दुबळा असला तरी जिवंत असतो. तो शरीरात थोडा वाढतो आणि आपली प्रतिकारशक्ती त्याला आवरते. वय वाढतं तशी ही आवरण्याची क्रिया मंदावते. क्वचित कुणाच्या शरीरात लसीचा विषाणूच मोकाट सुटतो. मग दोन प्रकार होतात. एकात यकृत, मूत्रपिंड असे अवयव निकामी होऊ लागतात, अगदी खऱ्या पिवळ्या तापासारखं, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात. दुसऱ्यात मेंदू आणि मज्जासंस्थेवर परिणाम होतो, त्यातून बहुतेक बरे होतात.

आकडे पाहा, कारण नुसत्या भीतीने निर्णय चुकतो. अमेरिकेतल्या नोंदींनुसार सगळ्या वयांत मिळून अवयव निकामी होण्याचा प्रकार लाख डोसमागे ०.३, तर साठीपुढे १.२. मज्जासंस्थेचा प्रकार सगळ्या वयांत ०.८, साठीपुढे २.२. म्हणजे धोका काही पटींनी वाढतो, तरी दोन्ही मिळून लाखात तीन-चारच. दुसऱ्या पारड्यात रोग आहे. लस न घेता पश्चिम आफ्रिकेत दोन आठवडे राहिलेल्या प्रवाशांत लाखामागे सुमारे ५० जणांना पिवळा ताप होईल आणि १० दगावतील, असा अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा अंदाज आहे. दक्षिण अमेरिकेसाठी तोच अंदाज ५ आणि १. पूर्व आफ्रिकेत धोका पश्चिमेपेक्षा कमी, पण शून्य नाही. २०२२ मध्ये केनियाच्या इसिओलो भागात साथ आली होती.

हे आकडे ओळखीच्या नावासकट पाहिले की अंगावर येतात. लंडनच्या रॉयल मार्स्डन रुग्णालयातले नामवंत कर्करोगतज्ज्ञ मार्टिन गोर जानेवारी २०१९ मध्ये ही लस घेतल्यानंतर गेले. वय ६७. त्याच वर्षी ब्रिटनने साठीपुढच्यांसाठीच्या सूचना कडक केल्या.

माझं मत स्पष्ट आहे: नायजेरिया, घाना, अमेझॉनच्या जंगलात जायचं असेल, तब्येत ठीक असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर साठीनंतरही लस घ्यावी. पण केवळ परतीच्या कागदासाठी, जिथे रोगाचा धोका जवळपास नाही अशा ठिकाणासाठी, पंचाहत्तरीच्या माणसाला पहिल्यांदा ही लस टोचणं मला पटत नाही. तिथे रस्ता बदलावा.

कुणी ही लस घेऊच नये? केमोथेरपी किंवा जास्त मात्रेतले स्टेरॉइड चालू असलेले, सांधेदुखी वा सोरायसिससाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा बायोलॉजिक इंजेक्शनं घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फार खालावलेले. थायमस ग्रंथीचा आजार असलेले किंवा ती काढून टाकलेलेही यात येतात. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात अनेकदा ही ग्रंथी काढतात. त्या रुग्णांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं, कारण छातीवरचं वीस वर्षांपूर्वीचं ऑपरेशन कुणी आपणहून सांगत नाही. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनाही नाही, कारण लस कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भावर वाढवतात. आयुष्यात अंडं न खाल्लेल्यांना ॲलर्जी आहे की नाही हेच माहीत नसतं. केक, बिस्किटातून कधी त्रास झाला होता का ते आठवून सांगा आणि लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसा.

मधुमेह, बीपी, थायरॉइड एवढ्यानेच लस नाकारावी लागत नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर टोचणाऱ्याला सांगा आणि जागा नीट दाबून धरा. आणखी एक, कळकळीने: लस घेता यावी म्हणून मेथोट्रेक्सेट किंवा स्टेरॉइड आपल्या मनाने बंद करू नका. बाबांनी लगेच विचारलं होतं, "दोन आठवडे थांबवलं तर?" त्यांच्या संधिवाततज्ज्ञांनी साफ नाही सांगितलं.

आता एक दिलासा. हे गंभीर परिणाम जवळजवळ नेहमी आयुष्यातल्या पहिल्या डोसनंतरच दिसतात. कोकणातले, गोव्यातले कितीतरी लोक जहाजावर नोकरी करून निवृत्त झाले आहेत. त्यांनी ही लस केव्हाच घेतलेली असते. त्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी ११ जुलै २०१६ पासून ते प्रमाणपत्र आयुष्यभर वैध आहे. कपाटातला जुना पिवळा कागद शोधा, पुन्हा टोचून घेऊ नका.

तिसरी पायरी: लस नको असेल तर वाट कशी काढायची

डॉक्टर वैद्यकीय सूटपत्र देऊ शकतात, आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची तरतूद आहे. पण हे पत्र तुम्हाला रोगापासून वाचवत नाही, आणि परतल्यावर विलगीकरण टळेल याची हमीही देत नाही. त्यावर विसंबायचं असेल तर निघण्यापूर्वी विमानतळ आरोग्य कार्यालयात जाऊन विचारा आणि परतीनंतरचे सहा दिवस मोकळे ठेवा.

त्याहून बरा उपाय म्हणजे सहा दिवसांचा हिशेब. मुलांकडे अमेरिकेत सहा महिने राहायला गेलेले आईवडील तिथून माचू पिचू पाहून येतात. लिमा, कुस्को, माचू पिचू एवढंच पाहायचं तर पिवळ्या तापाचा धोका नाही, तिथे लस सुचवलीही जात नाही. पण पेरूहून सरळ भारतात आलात तर कार्ड मागणार. अमेरिकेत परत येऊन आठवडाभर राहून मग भारतात आलात तर मागणार नाही. पासपोर्टवरचे शिक्के आणि तिकिटं हाताशी ठेवा. इग्वासूचा धबधबा किंवा अमेझॉन मात्र या हिशेबात बसत नाही. तिथे खरा धोका असतो, तेव्हा दुसऱ्या पायरीवर परत जा.

आम्ही तिसरी वाट घेतली. वाइल्डबीस्टचं स्थलांतर म्हणजे मसाई मारा, असं आपल्या डोक्यात बसलंय. प्रत्यक्षात ते कळप वर्षातला बराच काळ टांझानियाच्या सेरेंगेटीत असतात. जुलै ते ऑक्टोबर या काळात ते माराकडे असतात, जानेवारी ते मार्चमध्ये दक्षिणेला न्डुटूच्या गवताळ पठारावर हजारो पिल्लं जन्मतात. आईबाबा फेब्रुवारीत, आखाती देशातून विमान बदलून थेट टांझानियात उतरले. केनिया नाही, म्हणून लसही नाही. बाबांना नदी ओलांडणारे कळप दिसले नाहीत, पण जन्मल्यावर काही मिनिटांत धडपडत उभं राहणारं पिल्लू त्यांनी पाहिलं. त्याचं वर्णन आम्ही अजून ऐकतो आहोत.

चौथी पायरी: लस घ्यायची ठरली तर

ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालय, गोव्यात मुरगाव बंदर आरोग्य कार्यालय ही त्यातली काही. एक कुपी फोडली की काही तासांतच संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारी, नोंदणी घेऊनच लस देतात. हंगामात तारखा पटकन भरतात.

प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून वैध होतं. म्हणून बरेच जण निघण्याच्या बारा-पंधरा दिवस आधी जातात. साठीपुढच्यांनी तसं करू नये. पाच-सहा आठवडे आधी घ्या, म्हणजे काही त्रास झालाच तर तो घरी, आपल्या डॉक्टरांजवळ होईल. नागिणीची जुन्या पद्धतीची जिवंत लस किंवा दुसरी कुठली जिवंत लस घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी किंवा चार आठवड्यांच्या अंतराने. फ्लूच्या इंजेक्शनला अशी अट नाही.

केंद्रावर सगळ्या गोळ्यांची यादी कागदावर लिहून न्या, आयुर्वेदिक म्हणून घेतलेल्या सांधेदुखीच्या पुड्यासुद्धा. कार्डावरचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक तिथेच ताडून पाहा. बॅच क्रमांक, सही, शिक्का आहे ना? पासपोर्ट नवा काढलात तर जुनाही सोबत ठेवा.

पुढचे दहा दिवस मोठा ताप, उलट्या, कावीळ, कुठून रक्तस्राव, आणि महिनाभर तीव्र डोकेदुखी, गोंधळल्यासारखं बोलणं, तोल जाणं यातलं काही दिसलं तर थेट रुग्णालयात जा आणि पहिलं वाक्य हे म्हणा: "अमुक तारखेला यलो फीव्हरची लस घेतली आहे."

पाचवी पायरी: हिवताप, ज्याची लस तुमच्यासाठी नाही

पिवळ्या तापाच्या कार्डामागे सगळे धावतात आणि हिवताप विसरतात. आफ्रिकेच्या सफारीत प्रत्यक्ष धोका हिवतापाचाच जास्त. तिथला बहुतेक फाल्सिपेरम जातीचा, मेंदूपर्यंत जाणारा, आणि उतारवयात तो अधिक जिवावर बेततो. "आपण भारतातले, आपल्याला मलेरियाची सवय आहे" हे मी स्वतः एका काकांकडून ऐकलं. तशी सवय नसते. मुंबईत चाळीस वर्षं डास चावून घेतले म्हणून मारातला फाल्सिपेरम सोडत नाही.

आर२१ ही हिवतापाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, त्याचा अभिमान वाटावा. पण ती आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहे, प्रवाशांसाठी नाही. आपल्यासाठी गोळ्या.

अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल: निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज एक, परतल्यावर सात दिवस. जेवणानंतर किंवा दुधाबरोबर घ्यावी, नाहीतर नीट शोषली जात नाही. मूत्रपिंडं फार कमजोर असतील तर चालत नाही. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी रक्ताची तपासणी वाढवावी. ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा नसते, महिनाभर आधी मागवून ठेवा.

डॉक्सीसायक्लिन: स्वस्त, सहज मिळणारी. पण परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते आणि ज्येष्ठ मंडळी घरी आल्यावर तीच विसरतात. उन्हाने त्वचा भाजते. गोळी मोठा ग्लासभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. कॅल्शियम, लोह आणि अँटासिडपासून काही तासांचं अंतर हवं, आणि या वयात या तीनपैकी एक गोळी तरी चालू असतेच.

मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, दोन-तीन आठवडे आधीपासून. नैराश्य, फिट किंवा हृदयाच्या ठोक्यांची गडबड असेल तर नको.

क्लोरोक्विन आफ्रिकेत उपयोगाचं नाही, आणि सांधेदुखीसाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत असं समजू नका. जाण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांची रक्ततपासणी करून घ्या. मेथोट्रेक्सेटवर असलेल्यांनी हिवतापाची गोळी संधिवाततज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. बाबांच्या बाबतीत निवड त्यांनीच केली.

इतर लसी, थोडक्यात

डेंगीची क्यूडेंगा ही लस साठीपुढच्यांत पुरेशी तपासलेली नाही. चिकनगुनियाची इक्सचिक ही जिवंत लस घेतलेल्या वयस्कर लोकांत गंभीर त्रास दिसला आणि अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये तिचा परवाना स्थगित केला. परदेशातल्या मुलाने "इथे मिळते, घेऊन टाका" म्हटलं तरी आधी विचारा. जपानी मेंदूज्वराची लस आग्नेय आशियात महिनाभर खेड्यापाड्यांत, भातशेतीजवळ राहणार असाल तरच विचारात घ्या. आठ दिवसांच्या बँकॉक-पट्टायाला तिची गरज नसते.

सहावी पायरी: डास चावूच द्यायचा नाही

एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि दुपारनंतर जास्त. हिवतापाचा ॲनॉफिलिस संध्याकाळ ते पहाट. म्हणजे सुट्टी कधीच नाही. मलमावरचे घटक वाचा: डीट २० ते ३० टक्के किंवा पिकॅरिडिन २० टक्के हवं. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून डासांचं मलम. आईने आठवणीने घोट्यांना आणि मानेमागे लावलं. बाबांना पायमोजे घालायला लावणं हे मात्र रोजचं भांडण होतं.

तंबूत मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या. रात्री बाथरूमला उठणाऱ्यांची मच्छरदाणी पहाटेपर्यंत उघडीच राहते, म्हणून झोपण्यापूर्वी पायांना पुन्हा मलम लावा. कपडे खाकी, मातकट, पूर्ण बाह्यांचे. गडद निळा आणि काळा रंग टाळा, त्याकडे त्सेत्से माशी येते. ती डास नव्हे, पण चावा झोंबतो आणि निद्रारोग पसरवते.

विमा घेताना जुने आजार लपवू नका. विमानाने रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचा. जंगलातल्या धावपट्टीवरून रुग्णाला नैरोबीला नेणारी आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही सेवा पूर्व आफ्रिकेत आहे, सहल कंपनीने तिचं सदस्यत्व घेतलंय का ते विचारा.

सातवी पायरी: परतल्यावर

उरलेल्या गोळ्यांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा.

ताप आला तर वाट पाहू नका. जुलै-ऑक्टोबरमध्ये मारा पाहून येणारे पावसाळ्यात किंवा तो संपता संपता घरी पोहोचतात. तेव्हा दवाखाने तापाने भरलेले असतात आणि "व्हायरल आहे, दोन दिवस क्रोसिन घ्या" हे उत्तर सहज मिळतं. फाल्सिपेरम साधारण आठवड्यानंतर कधीही डोकं वर काढतो, बहुतेकदा तीन महिन्यांच्या आत, क्वचित त्यानंतरही. गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरीही. त्याच दिवशी हिवतापाची तपासणी करून घ्या. पहिली निगेटिव्ह आली आणि ताप तसाच असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, आणि मग तिसऱ्यांदा. डेंगीचीही शक्यता असते, म्हणून निदान होईपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

परतल्यावर अकराव्या दिवशी बाबांना कणकण वाटली. आईने थर्मामीटर लावायच्या आधीच पासपोर्ट पर्समध्ये टाकला होता. दवाखान्यात शिरताच तिने सांगितलं, "आफ्रिकेहून आलोत, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. मलेरिया आधी बघा." तपासण्या तिन्ही वेळा निगेटिव्ह आल्या, साधा घशाचा संसर्ग निघाला.